एका इंचाची कैफियत

माझी नोकरी इचलकरंजीत आहे आणि ती धागे मोजण्याची आहे. शेठांनी कार्डावर 'क्वालिटी इन्स्पेक्टर' असं छापून दिलं आहे, पण सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत मी करतो ते एवढंच: कोऱ्या कापडावर काच ठेवायची, एका इंचात उभे धागे किती नि आडवे किती ते मोजायचं, वहीत लिहायचं, आणि त्या आकड्यापायी दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. शिव्यांबद्दल काही म्हणणं नाही. त्या पगारात धरलेल्या आहेत. म्हणणं आहे ते इतर किरकोळ बाबींबद्दल, आणि त्या कुणी ऐकून घेत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

पहिली बाब काचेचीच. काच म्हणजे पिक ग्लास. पत्र्याच्या तीन पट्ट्यांची घडी. उघडली की वर भिंग आणि खाली एक इंच लांब, एक इंच रुंद अशी खिडकी. खिडकीच्या कडांना बारीक खुणा. ती कापडावर ठेवायची, एक डोळा मिटायचा, दुसरा भिंगाला लावायचा आणि सुईच्या टोकानं एकेक धागा ओलांडत जायचं. ९२ बाय ८८ चं केंब्रिक असेल तर एका उभ्या धाग्याच्या वाट्याला पाव मिलिमीटरपेक्षा जराशीच जास्त जागा येते. त्यात सुई ठेवून पुढं सरकत असताना, साधारण साठाव्या-सत्तराव्या धाग्याला, मागून कुणीतरी विचारतं, "अण्णा, चहा सांगू का?" आजवर हा प्रश्न दहाव्या धाग्याच्या आत मला कुणीही विचारलेला नाही. माझ्या ऑफिसातल्या पोऱ्याला काच न लावता धागे दिसतात अशी मला शंका आहे.

पापणी लवणं हा दुसरा प्रकार. भिंगाखाली सगळे धागे एकाच आईची लेकरं असतात. पापणी लवली की आपण कोणापाशी होतो हे ओळखता येत नाही, आणि सगळी मोजणी पहिल्यापासून.

मग प्रश्न येतो की पहिला धागा कुठला. खिडकीच्या कडेवर धागा असा पडलेला असतो की अर्धा आत, अर्धा बाहेर. नियम सांगतो की सुरुवात दोन धाग्यांमधल्या फटीपासून करा आणि शेवटी अर्धा उरला तर अर्धाच धरा. नियम बरोबर आहे. पण मी वहीत 'साडेएक्कावन्न' लिहिलं की शेठ म्हणतात एक्कावन्न, मागवाला म्हणतो बावन्न, आणि दोघंही माझ्याकडे असं बघतात की तो अर्धा धागा मी घरी नेला आहे.

अर्ध्या धाग्यासाठी माणसं एवढी का भांडतात हे बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून गावचा हिशेब सांगणं भाग आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला. पुढं घरटी माग झाले आणि गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणू लागले. या मँचेस्टरात बरेचसे मागवाले खर्चीवाले आहेत. म्हणजे सूत आमच्या शेठांसारख्या व्यापाऱ्याचं, बीम व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. माग, वीज, जागा आणि डोकेदुखी खर्चीवाल्याची. त्याला मजुरी मिळते ती पिकावर. पिक म्हणजे आडवा धागा, धोट्याची एक फेरी. समजा पिकाला दहा पैसे ठरले, तर इंचात ५२ पिकं असलेल्या कापडाला मीटरमागे पाच रुपये वीस पैसे. मागावरच्या कामगाराच्या मजुरीचा दरही ५२ पिकांचं माप धरून बोलायची इथली पद्धत आहे. दरवर्षी मजुरीवाढीवरून मोर्चा निघतो, बैठका होतात, पेपरात पैशांचे आकडे येतात. त्या पैशांच्या खाली जो आकडा असतो, तो मी मोजतो. मोर्चात मात्र मला कुणी बोलावत नाही, आणि बैठकीतही नाही.

आता कुणी ५२ ठरवून ५० च घातले तर काय होतं ते पाहा. दोन पिकांची मजुरी फुकटात पदरात पडते. शंभर किलो बाण्याच्या सुतामागे जवळजवळ चार किलो सूत उरतं, जे व्यापाऱ्याचं असतं पण त्याला ते माहीत नसतं. शिवाय धोट्याच्या तेवढ्याच फेऱ्यांत कापड जास्त मीटर निघतं. म्हणजे एका इंचातले दोन धागे चुकवून माणूस तीन ठिकाणी कमावतो. याला मी चोरी म्हणत नाही. मी 'पिक कमी' असं लिहितो.

लिहिल्यावर खर्चीवाल्याचे दिवाणजी येतात. संवाद ठरलेला आहे.

"अण्णा, बावन्न हायत की ओ."

"पन्नास भरलेत."

"काच जरा सरकवा की."

काच सरकवा ही या धंद्यातली सर्वांत जुनी विनंती असावी. काच सरकवली की ताक्यात कुठंतरी बावन्न सापडतातच, कारण कुठलाही माग सगळीकडे सारखा ठोकत नाही. चौपन्नही सापडतात. कांडी संपून माग थांबतो, पुन्हा सुरू होतो, तिथं कापडाला आडवी पट्टी पडते. त्या दाट पट्टीवर काच ठेवली तर साठही निघतील. दिवाणजी नेमकी ती पट्टी शोधून काढतात आणि तिच्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहतात. ताक्याचं तोंड दाट आणि पोट विरळ ठेवायची कलाही काहींना अवगत आहे, कारण तपासनीस घडी पूर्ण न उलगडता तोंडावरच काच ठेवतो हे त्यांना ठाऊक असतं. मी पोटावर ठेवतो. त्यामुळे माझ्या स्वभावाविषयी गावात जे बोललं जातं ते मला माहीत आहे.

पण हे सगळं खर्चीवाल्याच्याच माथी मारणं अन्यायाचं होईल. आमचे शेठही मोजणीच्या बाबतीत मोठे तत्त्वज्ञ आहेत. मागावर कापड ताणलेलं असतं. खाली उतरवलं की ताण सुटतो, उभे धागे आकसतात आणि पिकं जवळ सरकतात. मागावर ५१ असलेली पिकं टेबलावर ५२ भरतात. हे ठाऊक असल्यानं खर्चीवाला ५१ लावतो आणि म्हणतो, टेबलावर मोजा. शेठ म्हणतात, ठरलं ते मागावरचं, मागावर मोजून ये. दुसऱ्या खर्चीवाल्यानं भोळेपणानं मागावर ५२ लावले आणि टेबलावर ५३ भरले, तर शेठ म्हणतात, जादा एक पिक त्यानं स्वतःच्या हौसेनं घातलाय, त्याचे पैसे नाहीत. गंमत अशी की विणलेलं कापड ओढून घेणाऱ्या पाच चाकांच्या टेक-अपवर पिकांचं चाक ठरवायचं जे जुनं सूत्र आहे, त्यात या आकसण्यासाठी दीड टक्का आधीच धरलेला आहे. वाद होऊ नये म्हणून कुणा इंग्रजानं केलेली ती सोय. आमच्याकडे वाद त्या दीड टक्क्यावरूनच होतो.

उभ्या धाग्यांचं भांडण तुलनेनं कमी असतं, कारण ते फणीत बसलेले असतात. वहिफणीचे कामगार एकेक धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओढून घेतात. एकदा ओढला की तो कुठं पळून जाणार? पण इथंही आकड्यानं आकड्यासारखं वागायचं नाही असं कुणीतरी ठरवून ठेवलं आहे. ६० नंबरची फणी म्हणजे इंचात ६० घरं असतील असं कोणत्याही सरळ माणसाला वाटेल. स्टॉकपोर्टच्या पद्धतीत ती ६० घरं दोन इंचांत असतात. एका घरात दोन धागे जातात, म्हणून इंचात पुन्हा ६० च धागे येतात. म्हणजे आधी दोननं भागायचं, मग दोननं गुणायचं, आणि जिथं होतो तिथंच परत यायचं. स्टॉकपोर्ट हे खऱ्या मँचेस्टरच्या शेजारचं गाव. आम्ही त्यांचं नाव घेतलं, माग घेतले, तेव्हा हेही आलं. आणि फणीतले ते ६० धागे कापड पन्ह्यात आकसलं की टेबलावर ६२ किंवा ६३ भरतात, त्यामुळे नव्यानं नोकरीला लागलेला मुलगा पहिल्या आठवड्यात फणी चुकली म्हणून ओरडत येतो. त्याला मी काही सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

मापांच्या बाबतीत तर आमचा धंदा एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबासारखा आहे: सगळे एका छताखाली, कुणाचं कुणाशी पटत नाही. पन्हा इंचात. लांबी मीटरमध्ये. वजन चौरस मीटरला ग्रॅममध्ये. सुताचा नंबर पौंडाला ८४० वारी लड्या किती बसतात त्यावर, म्हणून नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. शेजारच्या पॉलिस्टरवाल्याचा डेनिअर नेमका उलटा, आकडा मोठा तर धागा जाड. आणि धाग्यांची दाटी आम्ही इंचात मोजतो, तर मानकाच्या कागदावर सेंटिमीटर किंवा डेसिमीटर मागतात. ५२ बाय ५२ ला सेंटिमीटरमध्ये साडेवीस म्हणा, दिवाणजी लगेच विचारतात, "बाकीचे कुठं गेले?"

मानकांबद्दल मला आदर आहे. भारतीय मानक आयएस १९६३ हे विणलेल्या कापडातले धागे कसे मोजावेत याचंच आहे, आणि आयएसओ ७२११ चा दुसरा भागही त्याचाच. म्हणजे जगात कुठंतरी शहाणी माणसं टेबलाभोवती बसून माझ्या कामाबद्दल बोलली आहेत. त्यांनी तीन पद्धती दिल्या आहेत: कापड उसवून धागे मोजा, काचेनं मोजा, नाहीतर सरकत्या भिंगाच्या यंत्रानं मोजा. निदान पाच ठिकाणी मोजा, किनारीजवळ मोजू नका. सेंटिमीटरला १० ते २५ धागे असतील तर ५ सेंटिमीटर लांबीभर मोजा. आमचं ५२ चं कापड नेमकं या गटात येतं. पिक ग्लासची खिडकी अडीच सेंटिमीटरची आहे. हे मी शेठांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग दोनदा ठेव."

मोजण्याआधी कापड ठरावीक हवेत मुरवावं लागतं हेही मानकात आहे. आपल्या देशासाठी २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता, दोन्हींत दोनचं कमी-जास्त चालेल. मी मोजतो त्या खोलीला पत्र्याचं छत आहे. एप्रिलमध्ये तिथं कापड मुरवायचं म्हटलं तर आधी मी मुरतो.

काळ्या कापडाबद्दल मी जास्त लिहीत नाही. काळ्या कापडात मोजणं म्हणजे अमावास्येला काळ्या म्हशी मोजणं हे सगळ्यांना पटतं, आणि तरीही सगळे ते संध्याकाळी साडेसहाला आणून देतात. सोलापूरच्या टेरी टॉवेलचं तर बोलायलाच नको; तिथं पायाचा ताणा वेगळा, फंदांचा ताणा वेगळा, आणि फंदांच्या जंगलात शिरून पिक शोधायचं. ट्वीलमध्ये धागे तिरक्या ओळी करून उभे राहतात आणि डोळा नकळत ओळ धरून वर घसरतो. पॉपलिन त्यातल्या त्यात सभ्य. १३२ बाय ७२, उभे भरपूर, आडवे बेताचे. पॉपलिनवर माझा राग नाही.

मध्यंतरी ऑफिसात आधुनिकता आली. एका विक्रेत्यानं काचेची पट्टी विकली. तिच्यावर एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ होत जाणाऱ्या रेघा असतात. ती कापडावर ठेवली की धागे आणि रेघा यांच्या खेळातून चमकत्या आकृती उमटतात, आणि आकृतीचं केंद्र जिथं येईल तिथला आकडा वाचायचा. मोजायचंच नाही, नुसतं वाचायचं. फार सुंदर वस्तू आहे. एकच अडचण: निमपट-दुप्पट आकड्यांपाशीही तशीच आकृती दिसू शकते, म्हणून उत्तर साधारण किती यायला हवं हे आधी माहीत असावं लागतं. शेठांना ती फार आवडली. त्यांना उत्तर किती यायला हवं हे नेहमीच आधी माहीत असतं.

एका बाबतीत मात्र या कामाचा मला अभिमान आहे, आणि तो मी कुणाला सांगितला की समोरचा विषय बदलतो. स्वतंत्र भारताच्या मानकांच्या यादीत आयएस १, म्हणजे अगदी पहिला क्रमांक, राष्ट्रध्वजाचा आहे. १९५१ सालचं मानक. त्यात ध्वजाच्या खादीत धागे किती असावेत हेही बांधून दिलं आहे. म्हणजे देशानं मापं ठरवायला घेतली तेव्हा पहिल्याच फटक्यात धागे मोजायची वेळ आली. पुढं २०२१ च्या डिसेंबरअखेरीस ध्वजसंहिता बदलली आणि पॉलिस्टरचे, यंत्रावर विणलेले ध्वजही चालू लागले. त्यांचे धागे मोजायला मला कुणी बोलावल्याचं आठवत नाही.

घरी तरी सुटका असावी. पण नातेवाइकांत माझी ख्याती 'खिशात काच असलेला माणूस' अशी आहे. लग्नात आहेराचं पाकीट फोडायच्या आत कुणीतरी साडीचा पदर पुढं करतं. पैठणी असो की पाचशेची सिंथेटिक, "दाजी, बघा की जरा, चांगली हाय न्हवं?" धाग्यांची संख्या म्हणजे कापडाचा चांगुलपणा नव्हे. सूत कसलं, पीळ किती, तंतू लांब की आखूड, रंग पक्का की कच्चा, यावर अर्ध्याहून जास्त गोष्टी अवलंबून असतात. हे सांगायला सुरुवात केली की साडी परत घडी होते. लोकांना आकडा हवा असतो. मग मी एक आकडा सांगतो. तो मोठा असला की साडी चांगली ठरते.

आणि इथून माझ्या मुख्य तक्रारीला सुरुवात होते. आधीचं सगळं किरकोळ होतं.

पुण्याच्या मेव्हणीनं सेलमध्ये पलंगपोस घेतला. पाकिटावर '१००० थ्रेड काउंट' असं सोनेरी अक्षरांत. थ्रेड काउंट म्हणजे चौरस इंचातले उभे अधिक आडवे धागे. काच ठेवली. उभे दोनशेच्या आसपास होते. आडवे बघायला गेलो तर सुईच्या टोकाला एकेक धागा लागेचना. चार-पाच अतिबारीक धागे एकाच फटीत शेजारी शेजारी झोपले होते. मागात एका वेळी एक धागा टाकायच्या ऐवजी पॉलिस्टरचे केसासारखे बारीक चार-पाच धागे एकदमच टाकायचे आणि मग प्रत्येक वेगळा मोजायचा, अशी ही युक्ती आहे. याहून सोपी युक्ती म्हणजे दोनपदरी सूत घ्यायचं आणि पदर मोजायचे; तीनशेचे सहाशे होतात. अमेरिकेत हा प्रकार इतका वाढला की २००५ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी लेखी मत दिलं की पदरांनी गुणून फुगवलेला आकडा गिऱ्हाइकाची दिशाभूल करू शकतो, सांगायचंच तर 'तीनशे धागे, दोनपदरी सूत' असं सांगा. मोजणीच्या अमेरिकी मानकातही सूत कितीही पदरी असो, एक धागा म्हणजे एकच. हे सगळं मी मेव्हणीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "दाजी, मऊ आहे की नाही तेवढं सांगा." मऊ होता.

हे मी एरवी पोटात घातलं असतं. पण गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या शेठांनीही स्वतःच्या नावाचे पलंगपोस काढायचं ठरवलं. कापड आमचंच, ३० नंबरचं सूत, ७६ बाय ६८. शेठांनी केबिनमध्ये बोलावलं.

"लेबलवर काय टाकायचं?"

"१४४," मी म्हणालो.

"१४४ कोण घेणार? बाजारात हजार चाललंय."

"सूत एकपदरी आहे. गुणायला काही नाही."

शेठ गप्प बसले. मी थकलो होतो, दुपार होती, वर पत्रा तापला होता. म्हणालो, पदर नसले म्हणून काय झालं, धाग्याच्या आत तंतू तर आहेत. ३० नंबरच्या सुताचा आडवा छेद घेतला तर कापसाचे शंभरच्या वर तंतू निघतात. नुसते शंभर धरले तरी १४४ गुणिले शंभर, चौदा हजार चारशे. तेवढे टाका.

शेठांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॅल्क्युलेटर ओढला, गुणाकार स्वतः करून पाहिला आणि लेबल छापणाऱ्याला फोन लावला. पाच आकडी छापलं तर अक्षरं किती बारीक करावी लागतील, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

फोन चालू असताना टेबलावर एका खर्चीवाल्याचं बिल पडलं होतं. माझ्या वहीप्रमाणे त्याच्या ताक्यात दोन पिकं कमी होती. शेठांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि मला हळूच सांगितलं, "त्याचे दोन पिक काप. मोजणीत तडजोड नको."